काळ्या मोहऱ्यांनी पिर्क शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

जिंतूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, ऑनलाइन रॅपिडचं रेटिंग १२५० च्या आसपास, वर्षातून दोन-तीन वेळा परभणी-नांदेडकडच्या एकदिवसीय स्पर्धा खेळतात. शाळा आणि घर सांभाळून रोज अर्धा तास मिळतो. पांढऱ्याने काहीही खेळलं तरी चालेल असं काळ्यांसाठी एकच लवचिक, बचावाचं ओपनिंग हवं म्हणून त्यांनी पिर्क डिफेन्स निवडलं आणि व्हिडिओ पाहून बारा चाली पाठ केल्या. तरी शेवटच्या बारा डावांपैकी नऊ हरले. ‘ओपनिंग बदलू का? आणि हेच शाळेतल्या लेकरांना शिकवलं तर चालेल का?’ असं ते विचारतात. सोबत हरलेला एक डावही पाठवला आहे, ते फार बरं केलं. डाव समोर असला की हवेत बोलावं लागत नाही.

सर, मी परभणीत गेली बावीस वर्षं बुद्धिबळ शिकवतो. तुमच्यासारखे नोकरी करून खेळणारे लोक दरवर्षी भेटतात आणि त्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते. तुम्ही चाली पाठ केल्यात, त्यात चूक काही नाही. अडचण पुढे आहे. लवचिक ओपनिंग म्हणजे कुठल्याही डावाला त्याच चाली, असा अर्थ तुम्ही घेतलात. पिर्कमध्ये लवचिकपणा वेगळा आहे. सेंटरमध्ये, म्हणजे पटाच्या मधल्या घरांत, प्यादी कुठे न्यायची हा निर्णय तुम्ही पुढे ढकलता, तेवढाच. ई४ला ई५ खेळणारा (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी) पहिल्याच चालीला आपली बाजू मांडून मोकळा होतो. पिर्कवाला म्हणतो, ‘आधी तू मांड, मग मी ठरवतो.’ पण ठरवावं तर लागतंच. तुमच्या डावात ते ठरवणं शेवटपर्यंत झालंच नाही.

आधी मांडणी बघू, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पांढरा ई४, काळा डी६. पांढरा डी४, काळा घोडा एफ६. पांढरा घोडा सी३, काळा जी६. मग उंट जी७वर आणि साधारणपणे किल्लेकोट (कॅसलिंग). व्हास्या पिर्त्स या स्लोव्हेनियन ग्रँडमास्टरच्या नावावरून हे नाव आलं. खरा उच्चार ‘पिर्त्स’, पण आपल्याकडे सगळे पिर्क म्हणतात, मीही तेच लिहितो. दुसऱ्या चालीला घोडा एफ६वर जातो तो ई४च्या प्याद्यावर नजर ठेवून. त्यामुळे पांढऱ्याला घोडा सी३वर आणावा लागतो आणि त्याचं सी-प्यादं मागे अडकतं. ही छोटीशी वसुली काळ्याने पहिल्या तीन चालींतच केलेली असते. व्हिडिओत चाल सांगतात, हे कारण बऱ्याचदा सांगत नाहीत.

कारण माहीत असलं की काय होतं त्याचं एक उदाहरण. आपल्याकडच्या तालुका स्पर्धांत निम्मे खेळाडू सवयीने तिसऱ्या चालीला उंट सी४वर टाकतात, एफ७वर डोळा ठेवून. घोडा सी३वर आलेला नसतो, म्हणजे ई४चं प्यादं उघडं असतं. घोड्याने ते खायचं. समोरचा उत्साहाने उंट एफ७वर देऊन शह देईल. राजाने उंट खा. वजीर एच५वर येऊन पुन्हा शह देईल, जी६ करा. वजीर डी५वर तिसरा शह देऊन तुमचा घोडा घेईल, तुम्ही मध्ये ई६ करा आणि मग उंट जी७वर आणा. राजा थोडा उघडा दिसतो म्हणून लोक घाबरतात, पण पांढऱ्याची मोहरी घरातच आहेत, तुमच्याकडे दोन उंट आणि सेंटर आहे. मी लेकरांना ही स्थिती पटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळायला लावतो. दोन डावांत भीती जाते.

आता तुमचा डाव. पांढऱ्याने चौथ्या चालीला उंट ई३, पाचव्याला वजीर डी२ केलं. तुम्ही उंट जी७ करून पाचव्या चालीला किल्लेकोट केला. पुढच्या तुमच्या चार चाली: बी६, उंट बी७, ए६, ई६. त्याच चार चालींत पांढऱ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, उंट एच६वर आणला, एफ३ करून ई४ बांधून टाकलं आणि एच४ ढकललं. मग एच५, जी६वर मारामारी, एचची उभी ओळ (फाईल) उघडी, उंटाला उंट, वजीर एच६वर. त्यानंतर ई५ आलं तेव्हा एफ६च्या घोड्याला जागाच नव्हती. तो हलला की एच७ उघडं, कारण ते घर तोच एकटा राखत होता. सतराव्या चालीला मात.

तुम्ही लिहिलंय, ‘एकही चूक दिसत नाही, एकही मोहरा फुकट दिला नाही.’ बरोबर आहे. तुमची प्रत्येक चाल सुटी पाहिली तर ठीकच वाटते. पण त्या चार चालींपैकी एकाही चालीने पांढऱ्याच्या डी४-ई४ या जोडीला प्याद्याचा धक्का दिला नाही. समोरचा वाट्टेल ते करू शकत होता, कारण सेंटरची काळजी त्याला कधी करावीच लागली नाही.

इथे मी वर्गात जे सांगतो तेच सांगतो. आपल्याकडे जूनचा पहिला पाऊस पडला म्हणून कोणी त्याच दिवशी तिफण काढत नाही. रान चिखल असतं. पण ओल उडून जाईपर्यंत बसूनही राहत नाही. वाफसा आला की पेरायचं, आणि तो दोन-तीन दिवसांचाच असतो. पिर्कमध्ये ई५ किंवा सी५ हा धक्का, म्हणजे प्यादं ढकलून पांढऱ्याच्या सेंटरला भिडणं, ही तुमची पेरणी. क्वचित तिची जागा बी५ घेतं. कुठला धक्का आणि कितव्या चालीला, हे पांढऱ्याच्या मांडणीवरून वाचायचं. सगळं पिर्क या एका वाचण्यात आहे. म्हणून तुम्ही बारा चाली पाठ करण्याऐवजी पांढऱ्याची चौथी-पाचवी चाल बघून ती कोणत्या जातीची आहे हे ओळखायला शिका. मी त्याच्या तीन जाती करतो. पुस्तकांत जास्त आहेत, पण तुमच्या रेटिंगला तीन पुरतात.

पहिली जात तुमच्याच डावातली: उंट ई३, वजीर डी२. हा माणूस उंट एच६वर आणून जी७चा उंट मारणार आणि एच-प्यादं पळवणार. त्याचं सगळं गणित तुमचा राजा जी८वर येईल यावर उभं आहे. मग राजा तिथे नेऊन त्याचं काम का सोपं करायचं? अशा वेळी किल्लेकोट लांबवा. चौथ्या चालीला उंट ई३ दिसला की मी तर जी७चा उंटही लगेच काढत नाही. आधी सी६, मग बी५, मग दुसरा घोडा डी७वर. उंट एफ८वर असताना पांढऱ्याने उंट एच६ केलं, तर तुमचा उंट तिथूनच एका चालीत मारतो. जी७वर जाण्यात खर्च झाली असती ती चाल वाचते. बी५ नंतर बी४ची धमकी उभी राहते. तिने सी३चा घोडा उडतो आणि तो उडाला की ई४ पुन्हा उघडं पडतं. आठवतं ना, तिसऱ्या चालीला तो घोडा तिथे कशासाठी आणवला होता? हा धागा पक्का धरलात तर चाली लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

याचा मोठा दाखला म्हणजे १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथे झालेला कास्पारोव्ह-टोपालोव्ह डाव. कास्पारोव्हने चोविसाव्या चालीला डी४वर हत्ती दिला आणि काळ्या राजाला पटभर पळवलं म्हणून तो डाव सगळ्यांना माहीत असतो. पण तुम्ही तो पहिल्या तेरा चालींसाठी बघा. टोपालोव्हने पिर्कच खेळलं होतं. उंट ई३ आणि वजीर डी२ समोर आल्यावर त्याने सी६, बी५ केलं, एच६वर उंटाला उंट दिला, सेंटरमध्ये ई५ केलं, आणि तेराव्या चालीला किल्लेकोट केला तो वजिराच्या बाजूला. पांढऱ्याचा वजीर एच६वर जाऊन बसला होता आणि राजा तिकडे गेलाच नाही. पुढे तो हरला, पण समोर कास्पारोव्ह होता आणि चूक फार पुढे झाली. लवचिक म्हणजे काय हे मला त्या तेरा चालींइतकं नीट शब्दांत सांगता येत नाही.

दुसरी जात: चौथ्या चालीला एफ४. याला ऑस्ट्रियन अटॅक म्हणतात. डी४, ई४, एफ४ अशी तीन प्यादी एका ओळीत तुमच्याकडे बघत उभी राहतात. नवीन माणूस इथे गारठतो. खरं तर पांढऱ्याने इतकी जागा घेतली आहे की तिची राखण करणं त्याला जड जाणार असतं, पण हे त्याला जाणवण्यासाठी तुम्हाला लवकर धक्का द्यावा लागतो. इथे उशीर अजिबात चालत नाही. उंट जी७, समोरून घोडा एफ३, मग तुमच्याकडे दोन रस्ते. लगेच सी५, किंवा आधी किल्लेकोट. सी५ केल्यावर पांढऱ्याने डी-प्याद्याने ते मारलं तर घाईने परत मारू नका, वजीर ए५वर न्या. तिथून तो सी३च्या घोड्याला पिन करतो (मागे राजा असल्याने घोडा हलू शकत नाही), म्हणजे ई४चा राखणदार पुन्हा निकामी. सी५चं प्यादं पुढच्या चालीला वजिरानेच मिळतं. १९७२च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत, रेक्याविकला, सतराव्या डावात फिशरने स्पास्कीविरुद्ध हेच खेळलं होतं आणि डाव बरोबरीत सुटला. पण लगेच सी५ला पांढरा बी५वरून उंटाचा शह देऊन फार तिखट प्रकार सुरू करू शकतो, त्यात पाठांतराला पर्याय नाही. तुमच्याकडे रोज अर्धाच तास आहे म्हणून मी आधी किल्लेकोट सुचवीन. त्यावर पांढऱ्याने ई५ ढकललं तर घोडा डी७वर मागे घ्या आणि पुढच्याच चालीला सी५. पुढचीच चाल म्हणतो आहे, हे लक्षात ठेवा. मध्ये ए६ नाही, एच६ नाही. तो एच४ करून हल्ला करायला निघाला असेल तरी सेंटर फोडलेलं असलं की हल्ल्याला बळ राहत नाही.

तिसरी जात शांत लोकांची. घोडा एफ३, उंट ई२, किल्लेकोट. इथे तुम्हीही निवांत किल्लेकोट करा, घाई कोणालाच नाही. मग उंट जी४, घोडा सी६ आणि ई५. सगळा मारा डी४वर. जी४चा उंट एफ३च्या घोड्याला धरतो, कारण तो घोडा डी४ राखतो. सी६चा घोडा डी४ मारतो, ई५चं प्यादं डी४ मारतं. आणि एक गोष्ट जी नव्वद टक्के विद्यार्थी विसरतात: जी७च्या उंटाला डी४ दिसतच नाही, कारण मध्ये आपलाच एफ६चा घोडा उभा आहे. तो घोडा डी७वर गेला की उंटाला वाट मोकळी होते. ‘माझा उंट काहीच करत नाही’ अशी तक्रार तुम्हीही केली आहे. दाराशी आपलाच माणूस उभा केलाय, तो बाजूला करा.

ई५ची एक अट मात्र पाळा. राजा ई८वर असताना ई५ केलं आणि पांढऱ्याने मारामारी करून डी-फाईल उघडली, तर वजीर डी८वर येऊन शह देतो, राजाने वजीर खावा लागतो आणि किल्लेकोट गेला. कधी कधी ते चालतंही, पण तुम्ही आत्ता हा नियमच धरा: आधी किल्लेकोट, मग ई५. पहिल्या जातीच्या हल्ल्याविरुद्ध किल्लेकोट लांबवायला सांगितलं होतं ना, तिथे म्हणून पहिला धक्का ई५ नाही, बी५.

काही लोक चौथ्या चालीला, घोडा सी३वर असताना, उंट सी४ करतात. त्यांच्यासाठी वेगळी जात करायची गरज नाही. उंट जी७, घोडा एफ३, दोघांचा किल्लेकोट, आणि मग एफ६च्या घोड्याने सरळ ई४चं प्यादं मारायचं. त्याने सी३च्या घोड्याने तुमचा घोडा मारला की डी५. एकाच प्याद्याच्या काट्यात उंट आणि घोडा दोन्ही सापडतात, एक परत मिळतो, आणि पांढऱ्याचं ते रुबाबदार सेंटर संपलेलं असतं. ही युक्ती वर्गात पहिल्यांदा दाखवली की लेकरं अक्षरशः बाकावरून उठतात.

आता डी४चं काय? तुम्ही ‘पांढऱ्याने काहीही खेळलं तरी’ म्हणालात आणि पिर्क निवडण्यामागे माझ्या मते तेच सर्वांत सबळ कारण आहे. पांढऱ्याने पहिल्याच चालीला डी४ केलं तर तुमचीच मोहरी त्याच घरांवर ठेवली की किंग्ज इंडियन होतं. घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, किल्लेकोट, ई५. फरक एवढाच की पांढऱ्याचं सी-प्यादं सी४वर पुढे आलेलं असतं. पांढऱ्याने ई५वर मारलं, वजिरांची अदलाबदल झाली आणि त्याने एफ३च्या घोड्याने ई५चं प्यादं खाल्लं, तर घाबरू नका. तुमचा एफ६चा घोडा ई४चं प्यादं खातो आणि त्याच वेळी मागून जी७चा उंट ई५च्या घोड्यावर येतो. हिशेब बरोबरीत सुटतो. पांढऱ्याने डी५ करून सेंटर बंद केलं, तर तुमची प्यादी डी६-ई५ अशी राजाच्या बाजूला तोंड करून उभी असतात, म्हणजे तुमचं रान तिकडे. एफ५ करायचं. त्याआधी एफ६चा घोडा हलवावा लागतो हे लिहून ठेवा, कारण तो हललाच नाही म्हणून एफ५ राहून गेलेले डाव मी शेकड्याने तपासले असतील.

हल्ली ऑनलाइन ज्याला त्याला लंडन सिस्टीमचं वेड आहे, डी४ आणि उंट एफ४. त्याच्यासमोर ही मांडणी फार सोयीची आहे. डी६च्या प्याद्यावर त्या उंटाची नजर अडते, आणि पुढेमागे ई५ बसलं की त्याला पळावं लागून तुम्हाला एक चाल फुकट मिळते. सी४ने सुरुवात करणाऱ्यांसाठीही मोहरी तीच.

ही मांडणी परदेशातून आली असं आपण समजतो. माझे आजोबा गावच्या पारावर देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, किल्लेकोट नाही, राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं दोन घरं टाकता येत नसल्यामुळे माणूस सेंटरवर धावून जाण्याऐवजी डी६, जी६ अशी आपली घडी आधी बसवायचा. १८५०च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी खेळायचा. बॅनर्जी काळ्यांनी अशाच मांडण्या करायचे, ते डाव तिकडे छापून गेले, आणि ‘इंडियन डिफेन्स’ या नावाचं मूळ तिथे सांगितलं जातं. आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं. पण मी पहिल्यांदा पिर्कची स्थिती पटावर लावली तेव्हा ते बघून म्हणाले, ‘हे तर आपलंच आहे की.’ त्या दिवसापासून हे ओपनिंग माझ्या जिवाभावाचं आहे, म्हणून माझ्या मतात थोडा ओढा आहे हे धरून चाला.

तो ओढा बाजूला ठेवून तुमचा मुख्य प्रश्न: बदलू का? हे तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे. पिर्कमध्ये पहिल्या आठ-दहा चाली तुम्हाला जागा कमी असते. मोहरी एकमेकांच्या पायात येतात. संगणक पांढऱ्याच्या बाजूने आकडा दाखवत राहतो आणि तो खोटा नसतो. मोठे खेळाडू हे मोक्याच्या वेळी जपूनच वापरतात. १९७८मध्ये फिलिपिन्समधल्या बागियोला विश्वविजेतेपदाच्या लढतीत करपॉव्ह आणि कोर्चनॉय ५-५ विजयांवर अडकलेले असताना बत्तिसाव्या डावात कोर्चनॉयने पिर्क खेळलं, आणि तो डावही गेला, विश्वविजेतेपदाची संधीही गेली. अशा दबलेल्या स्थितीत तुमचा श्वास कोंडत असेल, हात आपोआप चुकीची मारामारी करत असेल, तर कॅरो-कान शिका. ई४ला सी६, मग डी५. तिथे सेंटरचा प्रश्न दुसऱ्याच चालीला सोडवला जातो आणि वजिराच्या बाजूचा उंटही बहुतेक वेळा मोकळा निघतो. फक्त डी४ला वेगळं काहीतरी शिकावं लागेल. ‘मला खरंच त्याच त्याच चाली हव्यात’ म्हणणाऱ्यांसाठी हिप्पोपोटॅमस आहे. बहुतेक प्यादी सहाव्या ओळीत, उंट बी७ आणि जी७वर. १९६६च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत स्पास्कीने पेट्रोशियनविरुद्ध ते दोनदा खेळलं आणि दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पण स्पास्कीला कधी उसळायचं ते कळत होतं. तुमच्या पातळीला हिप्पो दिलं की माणूस उसळायचंच विसरतो. तुमचा हरलेला डाव अर्धा हिप्पोच होता.

तुमच्या डावावरून मला वाटतं तुम्ही बदलू नये. हल्ला होत असताना तुम्ही भांबावून मोहरे टाकले नाहीत, शांत राहिलात. पिर्कला तो स्वभाव लागतो. फक्त शांतपणा कधी सोडायचा ते यायला हवं.

अर्ध्या तासाचं असं करा. व्हिडिओ पूर्ण बंद. ब्लिट्झही बंद, तीन मिनिटांच्या डावात हात खेळतो, डोकं नाही. आठवड्यात १५ मिनिटांचे चार डाव काळ्यांनी खेळा. एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक डावानंतर संगणक लावायच्या आधी तीनच गोष्टी लिहा: पांढऱ्याची जात कोणती होती, माझा धक्का कोणता असायला हवा होता, आणि तो कितव्या चालीला आला. आलाच नसेल तर तिथे मोठं शून्य काढा. माझ्याकडे येणारे एक बँकेतले गृहस्थ हेच करत होते. पहिल्या पंधरा डावांत त्यांची अकरा शून्यं होती. चाळिसाव्या डावापर्यंत शून्यं जवळपास थांबली, आणि त्या काळात त्यांनी नवी चाल एकही पाठ केली नव्हती. जिंकणं-हरणं या वहीत लिहायचंच नाही. धक्का वेळेवर देऊन हरलात तर तो डाव मला पाठवा, तिथे शिकण्यासारखं दुसरं काहीतरी असेल. धक्का न देता जिंकलात तर तो जास्त धोक्याचा, कारण पुढच्या वेळी तुम्ही तसंच बसून राहाल.

राहिला शाळेतल्या लेकरांचा प्रश्न. पाचवी-सहावीच्या मुलांना पिर्क देऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. त्यांना ई४ला ई५च खेळू द्या. मोहरी समोरासमोर येऊ द्या, मारामारी होऊ द्या, चार वेळा एफ७वर मात खाऊ द्या. सेंटर हातात असल्याने काय मिळतं हे ज्या मुलाने अनुभवलं नाही, त्याला ते समोरच्याला देऊन नंतर परत कसं मागायचं हे कळणार नाही. तो फक्त डी६-जी६ करून कोपऱ्यात बसेल. आपल्या भागातल्या शालेय स्पर्धांत अशी मुलं मी दरवर्षी बघतो. सहा चाली झरझर, घड्याळही न बघता, आणि सातव्या चालीला कपाळाला हात.

माझ्याकडे सेलूची एक मुलगी येते, आठवीत आहे. दोन वर्षं ती मला पिर्क शिकवा म्हणून मागे लागली होती आणि मी ई५च खेळायला लावत होतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी भिंतीवरच्या पटावर दुसऱ्याच कोणाचा तरी डाव लावत होतो. पांढऱ्याने एफ४ केलं, आणि मी काही विचारायच्या आत ती मागच्या बाकावरून म्हणाली, ‘सर, आता सी५ केलं नाही तर हे तिघं अंगावर येतील.’ तो डाव तिथेच थांबवला आणि त्या दिवशी तिला पिर्कची पहिली चाल शिकवली.